लडाखचं आकाश लाल का झालं होतं? आणि पन्हाळ्यावर रात्रभर कशाचे फोटो काढतात?

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानलेहून आलेले फोटो तुम्हीही व्हॉट्सॲपवर बघितले असतील, खाली काळे डोंगर आणि मागे क्षितिजावर लाल पट्टा. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'भारतात नॉर्दर्न लाइट्स' सुरू झालं, आणि नेहमीप्रमाणे दोन गट पडले. एक म्हणे फोटो फेक आहेत, दुसरा म्हणे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र संपत आलंय. दोन्ही चूक. हानलेला भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, जवळपास ४५०० मीटर उंचीवर, आणि तिथे सगळं आकाश एका फ्रेममध्ये पकडणारे कॅमेरे कायम चालू असतात, त्यात ते रेकॉर्ड झालंय. त्या दिवशी जे सौर वादळ आलं ते सर्वात वरच्या दर्जाचं होतं, जी-५. असं वादळ त्याआधी ऑक्टोबर २००३ मध्ये आलं होतं.

पण मला यातली खरी इंटरेस्टिंग गोष्ट वेगळी वाटते. तो लाल रंग ज्या अणूमुळे दिसला, त्याच अणूचा, त्याच रंगाचा खूप मंद उजेड आपल्या डोक्यावर रोज रात्री असतो, अगदी कोल्हापूर-सोलापूरच्याही. डोळ्यांना दिसत नाही एवढंच. आणि वातावरणाच्या ज्या थरापर्यंत धड कुणाला जाता येत नाही त्याची बरीचशी माहिती आपल्याला या उजेडातूनच मिळते.

आधी हा थर कुठला ते बघू

आपण राहतो तो हवेचा थर दहा-पंधरा किलोमीटरचा. विमानं तिथेच, पाऊस तिथेच. हवामान खात्याचा फुगा साधारण ३०-३५ किलोमीटरपर्यंत जातो आणि फुटतो. उपग्रह बघाल तर तीन-चारशे किलोमीटरच्या वर, त्याच्या खाली आणला की हवेच्या घर्षणाने तो टिकत नाही, पडतो. म्हणजे मधला ८० ते ३०० किलोमीटरचा पट्टा असा आहे की फुग्याला तो उंच पडतो आणि उपग्रहाला खाली. रॉकेट पाठवता येतं, पण ते तिथून काही मिनिटांत जाऊन परत खाली येतं, आणि मिळते ती एकाच जागेची माहिती.

या पट्ट्यात हवा अगदी विरळ आहे, आणि सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तिच्यातल्या काही अणू-रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. अशा विद्युतभारित थराला आयनोस्फिअर म्हणतात. जीपीएसचा सिग्नल याच थरातून खाली येतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग उजेड येतो कुठून?

दिवसा सूर्याची अतिनील किरणं ऑक्सिजनचे रेणू फोडतात, सुटे अणू होतात. रात्री सूर्य नाही, पण ते सुटे अणू तिथेच फिरत असतात, हळूहळू पुन्हा एकमेकांना जोडले जातात, आणि जोडताना जी ऊर्जा सुटते ती एखाद्या अणूकडे जाते. तो अणू 'उत्तेजित' होतो, म्हणजे त्याच्याकडे जास्तीची ऊर्जा असते, आणि ती तो प्रकाश म्हणून टाकून देतो. दिवसभर साठवलेलं ऊनच रात्री थोडं थोडं बाहेर पडतंय म्हणा ना. याला एअरग्लो म्हणतात.

ऑरोरात, म्हणजे नॉर्दर्न लाइट्समध्ये, अणू तोच, ऊर्जा मात्र दुसरीकडून येते. तिथे इलेक्ट्रॉन वरून वेगाने येऊन अणूवर आदळतात. इथे एक गैरसमज काढून टाकू, सूर्यावरून निघालेले कण सरळ येऊन ध्रुवावर पडतात असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते अर्धवट आहे. सौर वाऱ्यातली, म्हणजे सूर्यावरून सतत वाहत येणाऱ्या कणांच्या प्रवाहातली ऊर्जा आधी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात साठते, रात्रीच्या बाजूला त्याची एक लांबलचक शेपटी असते तिच्यात, आणि मग ती शेपटी कधीतरी ताण सोडते, तेव्हा इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून ध्रुवांच्या भोवतालच्या प्रदेशात फेकले जातात. हा ताण नेमका कुठे सुटतो यावर वर्षानुवर्षं वाद होता. तो सोडवायला नासाने २००७ मध्ये थेमिस नावाचे पाच उपग्रह पाठवले आणि सोबत कॅनडा-अलास्कात जमिनीवर वीस ठिकाणी कॅमेरे बसवले, कारण उपग्रहाला त्याच्या जागेवरचं कळतं पण तेव्हा खाली अख्ख्या आकाशात काय उसळलं ते कॅमेराच सांगू शकतो.

लालच का? फोटोतले नॉर्दर्न लाइट्स तर हिरवे असतात

बरोबर, नॉर्वे-आइसलँडच्या फोटोंमध्ये हिरवा जास्त. दोन्ही रंग ऑक्सिजनच्या अणूचेच आहेत. हिरव्याची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर, लालची ६३०. प्रत्येक रंगाचा प्रकाश म्हणजे ठराविक लांबीची लाट, ती लांबी म्हणजे तरंगलांबी, एवढं धरून चला.

फरक आहे तो वेळेचा. उत्तेजित झाल्यावर हिरवा प्रकाश टाकायला अणूला पाऊण सेकंद लागतो. लाल टाकायला जवळपास दोन मिनिटं. आता संध्याकाळी सात वाजता दादर स्टेशनच्या पुलावर कुणाचाही धक्का न लागता दोन मिनिटं उभं राहून दाखवा. जमणारच नाही, धक्का बसणार. अणूचंही तसंच, दोन मिनिटांत दुसऱ्या कुणाशी टक्कर झाली की जास्तीची ऊर्जा त्या टकरीत निघून जाते आणि प्रकाश पडतच नाही. रात्री दोन वाजता त्याच पुलावर आरामात उभं राहता येईल. म्हणून लाल प्रकाश फक्त तिथे जिथे गर्दी नाही, म्हणजे २०० किलोमीटरच्या वर. हिरव्याला पाऊण सेकंदच हवा, तो १०० किलोमीटरच्या आसपासही निघतो. आपल्या जमिनीजवळच्या हवेत मात्र दोन्ही शक्य नाहीत, इथे एकेक रेणू सेकंदाला अब्जावधी टकरी खातो.

शंभर वर्षांपूर्वी यानेच मोठमोठ्या लोकांना चकवलं होतं. १८६८ मध्ये स्वीडनच्या अँगस्ट्रॉमने आकाशातली ही हिरवी रेषा बघितली, आणि गंमत म्हणजे ऑरोरा नसतानाही ती आकाशात सगळीकडे दिसत होती. पण प्रयोगशाळेतल्या कुठल्याच वायूत ती सापडेना. मग खंड सरकतात हे सांगणारा तोच वेगेनर, त्याने सुचवलं की वर एखादा अज्ञात हलका वायू असेल, त्याला जिओकोरोनियम असं नावही देऊन टाकलं. शेवटी १९२५ मध्ये टोरांटोत मॅक्लेनन आणि श्रम या दोघांनी दाखवलं की हा आपला साधा ऑक्सिजनच आहे.

आता लडाखकडे परत. पृथ्वी गोल आहे त्यामुळे लांबचा खालचा भाग क्षितिजाच्या आड जातो. हिशोब सोपा आहे, १०० किलोमीटर उंचीवरचा उजेड तुम्हाला फार तर ११०० किलोमीटर लांबून दिसेल, ४०० किलोमीटर उंचीवरचा मात्र साधारण २२०० वरूनही. म्हणजे हानलेच्या उत्तरेला कितीतरी लांब जे चाललं होतं त्याचा हिरवा भाग पृथ्वीच्या वळणामागे लपला आणि उंचावरचा लाल तेवढा दिसला. शिवाय चुंबकीय क्षेत्राचा ध्रुव भौगोलिक ध्रुवावर नाही, तो कॅनडाच्या बाजूला कललेला आहे, म्हणून चुंबकीय हिशोबाने भारत नकाशात दिसतो त्यापेक्षा अजून दक्षिणेला पडतो. त्यामुळे हानलेला हे दिसणं खरोखरच दुर्मिळ, अमेरिकेत त्याच अक्षांशावर ते तितकं दुर्मिळ नाही... असो.

पण एका रंगावरून कळतं तरी काय?

बरंच काही. पहिली गोष्ट म्हणजे उंची. हिरवा एअरग्लो ९७ किलोमीटरच्या आसपास, सोडियमचा पिवळा साधारण ९० वर, हायड्रॉक्सिल नावाच्या रेणूचा, बराचसा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड ८७ च्या जवळ, आणि लाल २५० वर. म्हणजे कॅमेऱ्यावर फिल्टर बदलला की तुम्ही वेगळ्या मजल्यावर बघताय. जमिनीवर बसून, एका रात्रीत, चार मजले. इतकं स्वस्त काम दुसरं नाही.

दुसरं तापमान. हायड्रॉक्सिलचा उजेड एका रेषेत येत नाही, शेजारी शेजारी बऱ्याच रेषा असतात, आणि त्यातली कुठली किती ठळक हे तिथल्या हवेच्या तापमानावर ठरतं. दोन रेषांचं गुणोत्तर काढलं की ८७ किलोमीटरवर थर्मामीटर लावल्यासारखंच. अंटार्क्टिकात ऑस्ट्रेलियाचं डेव्हिस नावाचं स्टेशन आहे, तिथे १९९५ पासून हे मोजमाप सलग चालू आहे, आणि त्यातून असं दिसतंय की तो थर थंड होत चाललाय. हो, थंड. खाली कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून ठेवतो पण वर विरळ हवेत तोच वायू उष्णता अवकाशात फेकून देतो. त्यामुळे वरचं वातावरण आकसतं, उपग्रहांच्या उंचीवर हवा अजून विरळ होते आणि मोडक्या उपग्रहांचा कचरा लवकर खाली पडायचा तो जास्त वर्षं फिरत राहतो. म्हणजे इथल्या धुराचा हिशोब तिथपर्यंत जातो.

तिसरं वारा. उजेड देणारी हवा आपल्याकडे येत असेल तर तरंगलांबी किंचित कमी होते, लांब जात असेल तर किंचित वाढते. किंचित म्हणजे किती, तर सेकंदाला १०० मीटर वारा असला तर तीस लाखांत एक भाग. तेवढंही मोजणारी यंत्रं आहेत. नासाच्या आयकॉन उपग्रहाने तर २०१९ ते २०२२ या काळात एअरग्लोवरूनच वरचे वारे मोजले.

पन्हाळ्यावरचे काळे पट्टे

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. एअरग्लोचं काम महाराष्ट्राला नवं नाही, पुणे विद्यापीठात प्रा. चिपळोणकर आणि त्यांचे विद्यार्थी पन्नास-साठ वर्षांपूर्वी रात्रीच्या आकाशाचा हा उजेड मोजत होते, तेव्हा पुण्यात अंधार मिळायचा! आज पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा कॅमेरा कोल्हापूरजवळ पन्हाळ्यावर लावलेला आहे, तिथे शिवाजी विद्यापीठाचं केंद्र आहे. कॅमेरा म्हणजे फिशआय लेन्स, एका वेळी एकाच रंगाला आत सोडणारा फिल्टर आणि थंड ठेवलेला सेन्सर, लेन्स सरळ वर. चंद्र नसलेल्या रात्रीच कामाच्या, आणि पावसाळ्याचे महिने तर गेलेच.

या लाल रंगातल्या फोटोंमध्ये काही रात्री उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे दिसतात आणि ते हळूहळू पूर्वेकडे सरकत जातात. ढग नाहीत ते. ते प्लाझ्मा बबल आहेत, मराठीत बुडबुडेच म्हणू.

होतं असं की चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं, तिरुनेलवेलीच्या जवळून. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा खालचा भाग भराभर विरतो पण वरचा दाट राहतो, वर जड आणि खाली हलकं अशी अवस्था होते आणि ती टिकत नाही, खालचा विरळ भाग बुडबुड्यासारखा वर उसळतो, कधीकधी हजारभर किलोमीटर उंचीपर्यंत, आणि चुंबकीय रेषांवरून उत्तरेला आणि दक्षिणेला पसरत महाराष्ट्राच्या आकाशापर्यंत येतो. बुडबुड्यात इलेक्ट्रॉन कमी. लाल एअरग्लो तयार व्हायला इलेक्ट्रॉन लागतात (भारित ऑक्सिजन रेणूला इलेक्ट्रॉन मिळाला की तो फुटतो आणि त्यातून उत्तेजित अणू निघतो). म्हणून तिथे उजेड कमी, फोटोत काळा पट्टा. एवढं सरळ आहे ते.

बरं, पण आपल्याला काय त्याचं?

जीपीएसचा सिग्नल याच थरातून येतो म्हटलं होतं. बुडबुड्याच्या कडेला सिग्नल चांदण्यांसारखा लुकलुकायला लागतो, आणि जास्त लुकलुकला की रिसीव्हरची त्या उपग्रहावरची पकडच सुटते. आपल्या फोनला सहसा कळत नाही कारण तो एकाच वेळी अनेक उपग्रह वापरतो, एक-दोन गेले तरी चालतं. पण ज्यांना सेंटीमीटरची अचूकता लागते त्यांना फरक पडतो. विमानांसाठी जीपीएस दुरुस्त करणारी आपली गगन यंत्रणा आहे, तिला हा हिशोब सतत ठेवावाच लागतो. जमीन मोजणीवाले रोव्हर (जीपीएसवर चालणारं मोजणीचं यंत्र) घेऊन दिवसा फिरतात म्हणून वाचतात, कारण हा सगळा खेळ सूर्यास्तानंतरचा आहे, आणि आपल्याकडे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याचा जोर जास्त, त्यातही सूर्य जास्त सक्रिय असेल त्या वर्षांत.

मोठ्या वादळात तर दिवसाही सुटका नाही. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटायला लागले, आणि काही शेतकऱ्यांना काम थांबवावं लागलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर वादळही फार मोठं नव्हतं, तरी वरची हवा गरम होऊन फुगली आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ उपग्रह होते त्यातले जवळपास ४० घर्षणाने खाली येऊन जळाले.

त्सुनामी आकाशात दिसते हे खरं आहे का?

हे मलाही आधी फेकाफेकी वाटलं होतं. पण खरं आहे. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप झाला, त्याची त्सुनामी पॅसिफिक ओलांडून हवाईकडे निघाली. हवाईच्या हालेआकाला डोंगरावर इलिनॉय विद्यापीठाचा लाल एअरग्लोचा कॅमेरा लावलेला होता. त्यात लाटांचे पट्टे दिसले, आणि ते पाण्यातली त्सुनामी येण्याच्या साधारण तासभर आधी!

समुद्राचा पृष्ठभाग थोडासाच वर-खाली होतो, पण शेकडो किलोमीटर रुंदीत एकदम होतो, त्यामुळे वरची हवाही हलते. ती लहर वर जाताना हवा विरळ होत जाते, तेवढीच ऊर्जा कमी हवेत वाटली जाते, म्हणून लहर मोठी होत होत २५० किलोमीटरवर कॅमेऱ्याला दिसण्याइतकी होते. यांना गुरुत्व लहरी म्हणतात. (हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो वेधशाळा होतेय ती कृष्णविवरांच्या लहरींसाठी, ते वेगळं प्रकरण, गल्लत करू नका.) अशा लहरी वादळी ढगांमुळे, डोंगरांवरून जाणाऱ्या वाऱ्यामुळेही उठतात. म्हणून त्सुनामीचा इशारा देण्यासाठी एकट्या या कॅमेऱ्यावर अजून कुणी विसंबत नाही, ढग आले की कॅमेरा आंधळा, दिवसा तर बंदच.

एवढे उपग्रह असताना जमिनीवरचे कॅमेरे कशाला?

उपग्रह एका जागेवरून मिनिटभरात पुढे जातो, आणि परत आला की तिथलं चित्र बदललेलं असतं. ते जागेमुळे बदललं की वेळेमुळे हे त्याला सांगता येत नाही. कॅमेरा जागेवर बसून रात्रभर बघतो. त्यामुळे खरं काम दोघं मिळून होतं. २०१६ च्या सुमाराला कॅनडातल्या हौशी फोटोग्राफरांनी आकाशात एक जांभळट अरुंद पट्टा टिपला, नेहमीच्या ऑरोरापेक्षा वेगळा, आणि त्याला गमतीने स्टीव्ह हे नाव दिलं. शास्त्रज्ञांनी मग युरोपचा स्वॉर्म उपग्रह त्याच पट्ट्यातून गेला तेव्हाचा डेटा काढला तर आत तापमान ३००० अंशांनी जास्त आणि वायूचा प्रवाह सेकंदाला ६ किलोमीटर. हौशी लोकांचे फोटो नसते तर त्या डेटाकडे कुणी बघितलंही नसतं.

आणि उजेड नसेल तर तो तयार करायचा, हेही आपल्याकडे झालंय. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंबाहून भारतातलं पहिलं रॉकेट उडालं ते कशासाठी, तर वर सोडियमची वाफ सोडायला. खाली तिन्हीसांज, वर अजून ऊन, त्यात ती वाफ नारिंगी चमकली आणि केरळ-तमिळनाडूतल्या लोकांनी ती बघितली. ती वाफ कशी वाकडीतिकडी होत जाते त्याचे फोटो काढून वरचा वारा मोजायचा होता. इस्रोच्या गोष्टीत सायकलवरून नेलेलं रॉकेट सगळ्यांना पाठ असतं, ते रॉकेट वर जाऊन करणार काय होतं हे कुणी सांगत नाही.

फोटोत दिसतं, मग डोळ्यांना का नाही?

अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाही आणि त्यातून लालसाठी त्या जवळपास आंधळ्याच. हा उजेड मोजायचं एकक आहे रेले. डोळ्याला काही दिसायला साधारण १००० रेले लागतात, आणि हिरवा एअरग्लो दोन-अडीचशे, लाल शंभरच्या आतबाहेर. कॅमेरा मिनिटभर शटर उघडं ठेवून प्रकाश साठवतो, डोळ्याला तसं साठवता येत नाही. म्हणजे फोटो खोटा नाही. पण लडाखला जाऊन उभं राहिलात तर तसंच लालभडक दिसेल ही अपेक्षाही चूक, टूरवाल्यांनी कितीही सांगितलं तरी.

मुंबईतून ऑरोरा दिसेल का?

दिसलेला आहे. ४ फेब्रुवारी १८७२. त्या रात्री मुंबईत ऑरोरा दिसल्याची बातमी तेव्हाच्या टाइम्स ऑफ इंडियात आहे, आणि मुंबई ते एडन समुद्राखालून जाणारी तारेची केबल त्या वादळात कित्येक तास नीट चालत नव्हती. त्याआधीचं १८५९ चं कॅरिंग्टन वादळ, जगातलं सगळ्यात प्रसिद्ध, त्याचा विषुववृत्ताजवळच्या भागातला सर्वात महत्त्वाचा चुंबकीय रेकॉर्ड कुलाब्याच्या वेधशाळेचा आहे. चुंबकीय क्षेत्र एकदम १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे ते मोजायचं एकक) खाली आलं होतं. मे २०२४ मध्ये जगाची सरासरी घट ४०० च्या आसपास होती. कुलाब्याचा आकडा एका जागेचा, हा सरासरीचा, त्यामुळे थेट तुलना बरोबर नाही पण अंदाज येतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ही वेधशाळा अलिबागला हलवली, १९०४ पासून तिथे नोंदी चालू आहेत.

तर तसं वादळ पुन्हा आलं तर मुंबईच्या उत्तर क्षितिजावर लाली येईल, पण आज शहराच्या दिव्यांत ती कुणाला कळेल असं वाटत नाही, त्यापेक्षा हरिश्चंद्रगडावर किंवा कास पठारावर बरी. आणि तेव्हा तारेची केबल होती, आता त्याच समुद्राखालून इंटरनेटच्या केबल जातात. फायबरमधला प्रकाश चुंबकीय वादळाला दाद देत नाही, पण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रांना वीज पोचवायला त्याच केबलमध्ये तांब्याचा कंडक्टर असतो, हजारो किलोमीटर लांब, आणि १८७२ ची तारही तांब्याचीच होती.